तिसऱ्या दिवसाची भूक: पी पफरच्या पिल्लांचं एक प्रकरण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, पुन्हा गेली. सगळीच्या सगळी." एवढं बोलून ती गप्प झाली. तिच्या पी पफरांनी मे महिन्यापासून तीनदा अंडी घातली होती, तीनही वेळा पिल्लं बाहेर आली होती, आणि एकाही पिल्लाने आठवा दिवस पाहिला नव्हता. आता हे मासे कुणाला तरी देऊन टाकावेत, असं तिच्या मनात येऊ लागलं होतं.

मी पंचवीस वर्षं घरी मासे पाळतोय आणि त्यातली बरीच वर्षं पिल्लं वाढवण्यात गेली आहेत. पण पफरची पिल्लं मी एकदाच जगवली होती, तीही दोनच. त्यामुळे कोथरूडला तिच्या घरी गेलो तो आधी नीट बघायचं, मग बोलायचं असं ठरवून. तिने माझ्यासमोर वही ठेवली. तारीख, पाण्याचं तापमान, खायला काय घातलं, किती पिल्लं दिसली, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. हे प्रकरण एवढ्या तपशिलात मांडता येतंय ते त्या वहीमुळे.

मासा आणि त्याचं घर

मालवणकडे समुद्रातल्या पफरला केंड म्हणतात. जाळी कुरतडतो, विषारी म्हणून खायच्या कामाचा नाही, त्यामुळे जाळ्यात केंड आला की मच्छीमारांचं डोकं फिरतं. पी पफर हा त्याच कुळातला, पण गोड्या पाण्यातला आणि पूर्ण वाढला तरी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा. वाटाण्यावरून त्याला व्यापारात हे नाव पडलं. शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हँकोरिकस. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्रावणकोरातल्या पंपा नदीतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे १९९९ मध्ये ब्रिट्झ आणि कोट्टेलाट यांनी याच्यासारखीच दिसणारी दुसरी जात कर्नाटकातून नोंदवली आणि तिचं नावच इमिटेटर ठेवलं, म्हणजे नक्कल करणारी.

हा मासा आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडचा आहे. केरळातल्या आणि लगतच्या कर्नाटकातल्या संथ वाहणाऱ्या, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तो राहतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो असुरक्षित जातींमध्ये आहे आणि मत्स्यालयांसाठी होणारी पकड हे त्याच्यावरच्या संकटांपैकी एक. दुकानातल्या काचेच्या टाकीत दिसणारे बरेचसे पी पफर असे नदीतूनच आलेले असतात. मला या प्रकरणात एवढा जीव का अडकला, त्याचं मोठं कारण हे. परदेशात लोक हा मासा घरात वाढवतात. ज्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आपण राहतो, तिथलाच मासा आपल्या घरांत वाढत नाही, फक्त विकत आणला जातो आणि मरतो, याचं मला वाईट वाटतं.

भाचीकडे दोन फुटी टाकी होती, त्यात साधारण ५० लिटर पाणी. स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस, मागच्या बाजूला वॅलिसनेरियाचं दाट रान. मार्चमध्ये तिने सहा मासे आणले. त्यातले दोन नर निघाले. नर ओळखायचा तर पोटाच्या मधोमध एक गडद रेघ असते आणि डोळ्यांमागे बारीक सुरकुत्या दिसतात. मादी गोलसर, ठिपकेदार. मोठ्या नराने धाकट्याला आठवड्याभरात कोपऱ्यात कोंडलं, तेव्हा तो धाकटा माझ्याकडे आला. राहिले एक नर आणि चार माद्या. यातल्या दोघींची पोटं खपाटीला गेलेली होती. नदीतून धरलेल्या पफरांच्या आतड्यात जंत सर्रास असतात. तिने त्यावर वेळीच औषध केलं होतं आणि मी पाहिले तेव्हा पाचही मासे गुबगुबीत होते. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, तेही या माशाला मानवतं. तापमान २७ अंश. म्हणजे मोठ्यांच्या बाबतीत तक्रारीला जागाच नव्हती.

अंडी मिळवणं तर मुळीच अवघड नव्हतं. पहाटे दिवा लागला की नर गडद व्हायचा, पोटाखाली त्वचेची एक कड उभारायचा आणि एखाद्या मादीच्या मागे लागायचा. ती मॉसमध्ये शिरली की हा तिच्या कुशीला चिकटून थरथरायचा. दोन-चार सेकंदांचा खेळ. एका वेळी तीन-चार अंडी, कधी एकच. काचेच्या मण्यासारखं पारदर्शक, एक मिलिमीटरच्या आसपासचं अंडं मॉसच्या काडीत अडकून राहतं. माहीत नसेल तर नजरेला पडत नाही.

तीन खेपा

पहिली खेप तिने ओळखलीच नव्हती. मेच्या मध्यावर मॉसच्या टोकाशी एक पिल्लू दिसलं, दुसऱ्या दिवशी दिसलं नाही. मोठ्यांनी खाल्लं असणार. पी पफर अंडी आणि पिल्लं दोन्ही खातात, त्यात मातृत्व-पितृत्व आड येत नाही.

दुसऱ्या खेपेला तिने मॉसचा झुबका उचलून वेगळ्या डब्यात ठेवला. डब्यात हवेचा बुडबुडा नव्हता. निम्म्याहून जास्त अंड्यांवर पांढरी बुरशी धरली. तीन पिल्लं निघाली. ती पाचव्या दिवशी मेली.

तिसऱ्या खेपेची तयारी तिने चांगली केली होती. पाच लिटरचा पारदर्शक डबा, हळू सोडलेला बुडबुडा, टाकीतलंच पाणी. १२ पिल्लं निघाली. तिसऱ्या दिवसापासून तिने पिल्लांसाठी मिळणारी बारीक भुकटी घालायला सुरुवात केली. कुणीतरी सांगितलं म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलकही पातळ कापडातून पिळून घातला. गोल्डफिशच्या पिल्लांना आपल्याकडे वर्षानुवर्षं लोक तो घालत आलेत, म्हणून तिलाही त्यात गैर वाटलं नाही. पाचव्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. तिने अर्धं पाणी बदललं. सहाव्या दिवशी सात पिल्लं. सातव्या दिवशी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवली कोळंबी, उबवून घालायचा प्रयत्न केला, पण बाटलीत फारसं काही निघालंच नाही. त्याच रात्री वहीत शून्य लिहिलं गेलं.

तिचा निष्कर्ष होता की पाणी बिघडल्यामुळे पिल्लं मेली. बिघडलं होतं हे खरं. पफरला खवले नसतात, अमोनियाचा फटका त्याला लगेच बसतो. पण वही उलटसुलट वाचताना माझी नजर एका नोंदीवर अडली. दुसऱ्या खेपेत तिने बलक घातला नव्हता, भुकटीही जेमतेम, पाणी स्वच्छ होतं. तरी तिन्ही पिल्लं पाचव्या दिवशी गेली. स्वच्छ पाण्यातही आणि घाण पाण्यातही मरणाचा दिवस जवळपास तोच पडत असेल, तर मारणारं दुसरंच काहीतरी असलं पाहिजे.

तिने तिसऱ्या खेपेतलं एक पिल्लू सहाव्या दिवशी फोनला भिंगाची क्लिप लावून टिपलं होतं. तो फोटो मोठा करून आम्ही दोघांनी पाहिला. पफरचं सुदृढ पिल्लू म्हणजे एक गोल पोट आणि त्याला चिकटलेलं शेपूट, एवढंच असतं. याचं पोट पाठीला लागलं होतं. डोकं मोठं, डोळे मोठे आणि मागे नुसती काडी. आत अन्नाचा एक कणही नाही. त्याच्या आजूबाजूला, डब्याच्या तळाशी, बलकाचे कण पसरलेले स्पष्ट दिसत होते.

"अन्न तर समोरच होतं की," ती म्हणाली.

समोर होतं, पण हलत नव्हतं. पी पफर जे हलतं त्यालाच अन्न समजतो. मोठेही सुकं खाद्य बहुधा थुंकून टाकतात. त्यांना जिवंत गोगलगायी, मोइना (गोड्या पाण्यातले पिसवांएवढे जीव) आणि अळ्या लागतात, हे ती जाणत होती. पिल्लांनाही तोच नियम लागू आहे, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं. अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी असते. ती दोन-तीन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी शिदोरी संपते आणि त्या दिवशी तोंडात मावेल एवढं, हलणारं काहीतरी समोर नसेल, तर पिल्लू आणखी दोन-तीन दिवस अंगावरच्या मांसावर काढतं. आपल्याला ते पोहताना दिसतं, म्हणून वाटतं ठीक आहे. ठीक नसतं. पाचव्या-सहाव्या दिवशी अन्न मिळालं तरी ते पकडायची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

मग आर्टेमियाचा उलगडा केला. आर्टेमिया मिळतो तो वाळवलेल्या अंड्यांच्या रूपात; ती मिठाच्या पाण्यात हवेखाली ठेवली की दिवसभरात जिवंत पिल्लं देतात. तिने डबा उघडल्यापासून स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवला होता. जूनची हवा, पुण्याचा पाऊस, वर शेगडीची वाफ. मी चिमूटभर अंडी घेऊन मिठाच्या पाण्यात लावली आणि ३० तासांनी भिंगाखाली मोजली. सात पिल्लं! अंडी सर्दावली होती. पापड सर्दावले की ताई, भाचीची आई, पहिल्या घासाला ओळखते, पण ही भुकटी बाहेरून अगदी कोरडी आणि तपकिरी दिसते, काही कळत नाही.

उलटं कॅलेंडर

आतापर्यंत तिने अंडी किंवा पिल्लं दिसल्यावरच अन्नाचा विचार केला होता. ही तहान लागल्यावर विहीर खोदण्याची गत. आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि उलटं मोजायला बसलो. पिल्लांना जे अन्न तिसऱ्या दिवशी हवं, ते तयार व्हायला किती दिवस लागतात? अंडी फुटायला २७ अंशाला साधारण पाच दिवस लागतात, अधिक शिदोरीचे तीन. म्हणजे अंडी दिसल्यापासून हातात आठच दिवस. आर्टेमिया एका दिवसात होतो, पण पहिल्या दिवसांत पिल्लाच्या तोंडाला तो मोठा. नुकतं निघालेलं आर्टेमियाचं पिल्लूही अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ जातं. त्याआधी इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, हवा आणि व्हिनेगर ईल नावाचे बारीक कृमी हवेत. इन्फ्युसोरियाला आठवडा लागतो. व्हिनेगर ईलची बाटली भरघोस व्हायला महिना.

"म्हणजे महिनाभर अंडी नकोत?"

"अंडी येऊ देत. तू काढू नकोस."

हे तिला सगळ्यात जड गेलं. २० जुलैला मॉसमध्ये पाच अंडी दिसली, तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. "मामा, एवढी पाचच काढू का? मी रात्री जागीन." मी म्हटलं, "अगं, तू जागशील, पण बाटली तयार नाही." तिने काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती अंडी तिथे नव्हती. वहीत तिने त्या दिवशी फक्त तारीख लिहिली आहे.

व्हिनेगर ईल हे सुतासारखे बारीक कृमी, लांबी एक-दोन मिलिमीटर. सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालायचं, सफरचंदाची एक फोड टाकायची आणि माझ्याकडच्या जुन्या बाटलीतला कपभर रस्सा ओतायचा. तोंडाला कापड बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली की बाटली आपली आपण चालते, वीज नको, रोजची देखभाल नको. उजेडासमोर धरली तर वरच्या थरात रेशमी धागे वळवळताना दिसतात. ताईने ती स्वयंपाकघरातून हलवायला लावली आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी डकवली, कारण घरात सॅलडला तेच व्हिनेगर वापरतात.

यातला खरा प्रश्न पुढे येतो: ईल व्हिनेगरसकट पिल्लांच्या पाण्यात घालता येत नाहीत. त्यासाठी लांब मानेची बाटली लागते. मानेच्या खालच्या टोकापर्यंत ईलचं पाणी भरायचं, त्यावर कापसाचा बोळा दाबून बसवायचा आणि बोळ्यावर मानेत गोडं पाणी ओतायचं. ईलना हवा हवी असते, म्हणून ते रात्रभरात कापसातून वाट काढत वरच्या गोड्या पाण्यात येतात. सकाळी मानेतलं पाणी ड्रॉपरने उचललं की दुधट, जिवंत पाणी हाती येतं, व्हिनेगर खालीच राहतं. आम्ही यासाठी सरबताची एक जुनी काचेची बाटली वापरली.

व्हिनेगर ईलची थोरवी अशी की ते गोड्या पाण्यात दिवसेंदिवस जिवंत राहतात आणि मधल्या पाण्यात पोहत राहतात. मायक्रोवर्म नावाचे दुसरे कृमी सोपे असतात, पण तळाशी जाऊन बसतात. पफरचं पिल्लू मॉसच्या टोकावर बसून समोरून जाणारं टिपतं, तळ धुंडाळत फिरत नाही. मी स्वतः मायक्रोवर्मच्या भरवशावर एक खेप घालवली आहे.

इन्फ्युसोरियासाठी देशी बदामाची पानं वापरली. कोथरूडच्या गल्ल्यांत ही झाडं भरपूर आहेत. लाल होऊन गळलेलं, वाळलेलं पान धुवून टाकीच्या पाण्यात टाकायचं, सोबत केळ्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा. बरणी आधी गढूळ होते, वास मारते. इथे घाई करून ते पाणी पिल्लांना घालायचं नाही, कारण त्यात अजून नुसते जिवाणू असतात. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी निवळतं आणि उजेडाकडे धुळीसारखे पांढरे कण सरकताना दिसतात. ते पॅरामिशियम आणि त्याचे भाऊबंद. अशा तीन बरण्या, चार-चार दिवसांच्या अंतराने लावलेल्या, म्हणजे एक संपताना दुसरी हाताशी.

आर्टेमियाचा नवा डबा आणला. आणल्या दिवशीच तो लहान हवाबंद बाटल्यांत वाटून फ्रिजमध्ये गेला, एका वेळी एकच बाटली बाहेर. उबवायला थंड पेयाची उलटी बाटली, एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, खालून जोरात हवा, वर दिवा. पावसाळ्यात घरातलं तापमान खाली गेलं की २४ तासांचे ३० तास होतात, म्हणून ती दोन बाटल्या अर्ध्या दिवसाच्या अंतराने लावू लागली. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, केशरी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने मलमलीवर काढून गोड्या पाण्यात धुवायची आणि लगेच द्यायची. जुनी झाली की त्यांच्या पोटातलाच बलक संपतो आणि पिल्लांना त्यातून मिळायचं तेवढं मिळत नाही.

गच्चीवर गोगलगायींचा एक टब आणि मोइनाचा एक टब आधीपासून होता. खडकवासल्याच्या मऊ पाण्यात गोगलगायींची कवचं पांढरी पडून झिजत होती. त्यावर उपाय काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला: समुद्रफेस. म्हणजेच माकुलीच्या पाठीतलं हाड, निव्वळ चुना. एक तुकडा टबात टाकून ठेवला आणि तीन आठवड्यांत नव्या कवचांना चकाकी आली. दोन्ही टबांवर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं. पफर डासांच्या अळ्या मिटक्या मारत खातात हे खरं असलं तरी डेंग्यूच्या शहरात त्या घरी वाढवणं मला मान्य नाही. इथे माझं आणि बऱ्याच पाळणाऱ्यांचं पटत नाही.

चौथी खेप

१२ आणि १३ ऑगस्टला मिळून १४ अंडी. मॉस उचलायच्याऐवजी तिने औषधाच्या ड्रॉपरने एकेक अंडं काढलं, त्यामुळे मोजता आलं आणि मॉसमधली घाणही सोबत आली नाही. पाच लिटरचा तोच डबा, पण पाणी फक्त आठ सेंटिमीटर खोल. महिनाभर मोठ्या टाकीत चालवलेला छोटा स्पंज फिल्टर, बदामाचं पान, मॉसचा झुबका, तीळभर आकाराच्या चार-पाच रॅम्सहॉर्न गोगलगायी. तीन अंडी पांढरी पडली, ती लगेच काढली. १८ तारखेला ११ पिल्लं.

पहिल्या दोन दिवसांत पाहण्यासारखं काही नसतं. पिल्लं काचेला किंवा मॉसला टेकून पडून राहतात, मध्येच उडी मारल्यासारखी सरकतात. अन्न मात्र दुसऱ्या दिवसापासूनच पाण्यात सोडलं, म्हणजे शिदोरी संपायच्या आत समोर वर्दळ असावी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला बोलावलं. आम्ही दोघं डब्याला नाक लावून बसलो. एक पिल्लू मॉसच्या काडीवर होतं. समोरून एक ईल वळवळत चालला होता. पिल्लाचा एक डोळा त्याच्याकडे वळला, दुसरा अजून भलतीकडेच होता. मग दुसराही वळला. शेपूट हळूच बाजूला वाकलं, सगळं अंग ताणल्यासारखं स्थिर झालं, आणि पुढच्या क्षणी ईल नव्हता. भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

सहाव्या दिवशी पहिला आर्टेमिया. तासाभराने भिंगातून पाहिलं तर दहापैकी आठ पिल्लांच्या पोटात शेंदराचा ठिपका ठेवल्यासारखं दिसत होतं. (अकरावं पिल्लू पाठीतून वाकडंच निघालं होतं, ते चौथ्या दिवशी गेलं.) कातडी एवढी पारदर्शक असते की कोण जेवलं आणि कोण उपाशी हे बाहेरून वाचता येतं. ही या पिल्लांची मोठी सोय आहे. तिने वहीत तेव्हापासून नवा रकाना केला: नारिंगी किती. उरलेली दोन लहान होती. त्यांच्यासाठी ईल आणि इन्फ्युसोरिया चालूच ठेवला आणि आठव्या दिवशी तीही नारिंगी झाली.

दिवसातून तीनदा थोडं-थोडं खाणं. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो, मेला की पाणी नासवतो. म्हणून रोज रात्री तळाचं पाणी हवेच्या बारीक नळीने ओढायचं आणि तेवढंच नवं घालायचं, साधारण पाचवा हिस्सा. नव्या पाण्यातलं क्लोरीन हायपोने काढलेलं आणि तापमान हाताला सारखं. नळीच्या टोकाला कापड बांधलेलं असायचं. बाराव्या दिवशी ते सुटलं आणि एक पिल्लू बहुधा त्यातून गेलं. राहिली नऊ.

या खेपेतली खरी परीक्षा २४ ऑगस्टला, म्हणजे आर्टेमिया सुरू झाला त्याच दिवशी झाली होती. संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि पाच तास वीज गेली. पंप बंद, दोन्ही बाटल्यांतला आर्टेमिया तळाशी बसून मेला. पिल्लांच्या डब्यात पाणी उथळ आणि तोंड रुंद असल्यामुळे श्वासाची अडचण झाली नाही, पण पुढचे ३० तास त्यांना द्यायला आर्टेमिया नव्हता. आदल्या खेपेत एवढ्यानेच सगळं संपलं असतं. या वेळी व्हिनेगर ईलची बाटली कोपऱ्यात तशीच, विजेशिवाय चालू होती. ड्रॉपरभर सकाळी, ड्रॉपरभर दुपारी, ड्रॉपरभर रात्री. २५ तारखेच्या नोंदीत नारिंगी शून्य, पण जिवंत दहा.

तिसऱ्या आठवड्यापासून मोइनाची पिल्लं चाळून द्यायला लागली आणि तिचं काम निम्म्याने हलकं झालं. मोइना गोड्या पाण्यातलाच, खाल्ला जाईपर्यंत जिवंत राहतो आणि घाण करत नाही. महिन्याच्या शेवटी पिल्लांना ठिपके उमटले. पोटं फुगवून, पंख भिरभिरवत ती जागच्या जागी तरंगायची, अगदी आई-बापांसारखी.

पाचव्या आठवड्यात नवा प्रश्न उभा राहिला, आणि तो ओळखायला मीच उशीर केला. दोन पिल्लं बाकीच्यांच्या दीडपट झाली होती. मला ते कौतुकाचं वाटलं. चार दिवसांनी एका लहान पिल्लाच्या शेपटीची कड तुटलेली दिसली, सहाव्या आठवड्यात ते गेलं. पफरची चोच म्हणजे जोडलेल्या दातांची कात्री असते. भूक नसतानाही समोर हललेलं शेपूट ती कातरून बघते. मोठी दोन वेगळी काढली, उरलेल्या सहांना दहा लिटरच्या टबात हलवून मॉस इतका भरला की एकाला दुसरं सहज दिसू नये. त्यानंतर एकही जखम नाही. आकारात फरक दिसला त्याच दिवशी हे करायला हवं होतं. वहीत ही नोंद माझ्या नावावर आहे.

आठव्या आठवड्यात, अंग सेंटिमीटरभर झालेलं असताना, मोठ्या दोन पिल्लांपैकी एकाने पहिली गोगलगाय फोडली. खसखशीपेक्षा थोडी मोठी, पातळ कवचाची. आधी बराच वेळ तो तिच्याभोवती फिरत होता, डोळे वळवून वळवून बघत होता. गोगलगायीने अंग बाहेर काढलं, तेव्हा झडप घातली. कवच तळाशी पडलं, भाचीने ते चिमट्याने उचलून वहीत चिकटवलं आहे.

११ पैकी आठ पिल्लं नोव्हेंबरपर्यंत पोहोचली. त्यातले नर किती, माद्या किती, हे अजून सांगता येत नाही. सुरुवातीला सगळीच मादीसारखी दिसतात. तीन ती स्वतः ठेवणार आहे. पाच दोघा ओळखीच्यांनी मागितली, एक नाशिकचा, एक पुण्यातलाच. दोघांनाही तिने मासे लगेच दिले नाहीत. आपल्या टबातल्या मूठभर गोगलगायी, मोइनाची बाटली आणि समुद्रफेसाचा तुकडा असं देऊन पाठवलं आणि सांगितलं, महिन्याने टबाचा फोटो पाठवा. पुण्यातल्याचा फोटो परवा आला. काचेवर गोगलगायींच्या अंड्यांचे थर दिसत होते. त्याचे तीन मासे रविवारी जाणार आहेत. नाशिकच्याचा टब अजून रिकामाच दिसतो, म्हणून त्याचे दोघे इथेच आहेत.